पलटनीची सावड

थांबा, थांबा, आधी बसा तर. यष्टीला लई येळ हाय. हितनं पिरंगुटापातूर उतारच उतार, उन्हं चढायच्या आत पोचताय तुमी. कोंडीबा, ती गठुडं खाली ठेव की, काय लगीन लागलंय का त्याच्यासंगं? बारकू, तू बी टेक. आन् मला भित्रा म्हनायचं आसंल तर म्हना खुशाल, पर आधी ऐकून घ्या, आन् मधी बोलू नका, मधी कुनी बोललं की माजं चुकतं, मी आपला एका दमात सांगतो.

तुमी भरतीला निघालाय, मला बोलवाया वाट वाकडी करून आलाय, लई चांगलं केलंत. गेल्या सालचा बहिरू आसता तर तुमच्याबी म्होरं पळाला आसता. पळालाच व्हता. शिवंपातूर.

गेल्या दिवाळीचं बगा. चिनी आत घुसलं. पिरंगुटाच्या वान्याकडं रेडू व्हता, बाजाराच्या दिशी त्याच्या दुकानाम्होरं ही गर्दी, कुनी गूळ घेईना का मीठ घेईना, समदी नुस्ती ऐकत उभी. आमचा गेनबादादा पलटनीत, तिकडं वर डोंगरात. दसऱ्यापासनं त्याचं काय कळलं न्हवतं. मला घास ग्वाड लागंना, झोप येईना. आपुन हितं इळा घिऊन भात कापतुया, गुरांमागं हिंडतुया, आन् दादा तितं बर्फात उभा. वाटायचं, काय उपेग हाय आपला? खातुया आन् वाढतुया, दुसरं काय? मंग कळलं, बुधवारी पुन्यात भरती हाय. वाडीतली पोरं निघाली, आपला कान्हू निघाला. मी म्हनलं, झालं, मी बी.

आई भाकरी थापत व्हती. तिला म्हनलं, "आई, मी भरतीला चाललो." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पानी फिरवलं, उलटली, आन् मंग म्हनली, "दादा गेला त्यो बाला इचारून गेला. तुजा बा आता न्हाई. तू देवाला इचार."

आता तुमी म्हनाल, देवाला कशापायी? तर माज्या आधी आईची दोन लेकरं गेली. मंग तिनं बहिरोबाम्होरं पदर पसरला, आन् मी झालो, म्हनून माजं नाव बहिरू. तिच्या हिशेबानं मी देवाचा, तिच्याकडं नुस्ता सांबाळाया ठिवलेला. तवा देवाला इचारल्याबिगर ती व्हय बी म्हनंना आन् न्हाई बी म्हनंना. मी म्हनलं, इचारतो की, कितीसा येळ लागतोय त्याला!

कोंडीबा, तुमच्या गावात, नेऱ्यात, कौल कसा लावत्यात मला ठावं न्हाई. आमच्यात आसा: जेला इचारायचंय त्येनं आपल्या घरच्या तांब्यात वढ्याचं पानी आनायचं. गुरव त्या पान्यानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक तांदूळ चिकटवतो. उजवा पडला तर व्हय, डावा पडला तर न्हाई. आन् दाना पडंपातूर इचारनाऱ्यानं शीव वलांडायची न्हाई. वलांडली तर देवाला इचारून त्याच्याकडंच पाठ फिरवली आसं व्हतं, आन् आसं आमच्या वाडीत आजून कुनी केलेलं न्हाई. तशी येळ बी येत न्हाई म्हना. एक इडी वढून व्हईस्तवर दाना पडतोच.

बुधवारी फाटंफाटं उठलो. आईनं आदल्या दिशीच्या आंबेमव्हराची पेज करून तांब्यात काढून ठिवली व्हती, पोरगं उपाशी जाईल म्हनून. मला कसली पेज! वासराच्या घमेल्यात वतली, तांब्या उचलला, वढ्यावर बुडवला आन् पळत देवळात. कान्हू आन् बाकीची पोरं देवळाबाहीर गठुडी घिऊन उभीच.

कुशाबा गुरव तुमी बगितलाय का? देवासंगं बोलतो ती शेजाऱ्याशी बोलल्यावानी. त्येनं दोन दानं चिकटवलं आन् म्हनला, "बहिरोबा, तुजं पोरगं लढाईला जाऊ का इचारतंय. काय आसंल ती सांगून टाक, भाईर मंडळी खोळंबल्यात."

बसलो. कुशाबाची एक इडी झाली. दुसरी झाली. दाना काय हालंना.

कान्हूनं दारातनं मुंडी आत घातली. "पडला का रं?"

"न्हाई."

"फुकर मार की हळूच."

कुशाबा म्हनला, "फुकर मारलीस तर नारळ देवाम्होरं न्हाई फोडायचा, तुज्या टाळक्यावर फोडीन."

उन्हं वर आली. पोरांची चुळबुळ व्हाया लागली. शेवटाला कान्हू म्हनला, "तुजा देव लई इचार करतुया गड्या. त्याला म्हनावं, चिनी काय तुज्यासाठी थांबायचा न्हाई." आन् निगाली ती. मी त्यांच्यासंगं शिवंच्या धोंड्यापातूर गेलो, शेंदूर लावलेला धोंडा हाय बगा तितं, त्याच्या आल्याड उभा ऱ्हायलो. पायाचा अंगठा बी पल्याड जाऊ दिला न्हाई. ती पोरं गानी म्हनत वळनाआड गेली आन् मी उभाच.

मंग काय, मी देवळातच ठान मांडलं. कुशाबा म्हनला, घरी जा, पडला की हाक मारतो. मी कशाचा जातोय! सकाळी जायचो, दान्याकडं बगत बसायचो. दिस गेलं. बाया हळदकुकू वाह्याया यायच्या त्या म्हनायच्या, "बया, ह्यो हितंच बसलाय आजून! बहिरू, आता तुलाच हळद लावून जातो, तेवढाच येळ वाचंल." मी राग गिळायचो. दाना डोळ्याम्होरं, खांद्याला चिकटलेला, जसा काय देवाला तीळच हाय त्यो.

एक दिशी आई आली. कमरंला इळा खवसलेला. आमचं भात सावडीतनं कापून झालं व्हतं, ती लोकांची सावड फेडाया निघाली व्हती. देवाला हात जोडलं आन् मला म्हनली, "तू बगून दाना पडत आसता तर आतापातूर पायलीभर पडला आसता. ऊठ. देवळात दाना पडंना आन् रंभाकाकीच्या वावरात पडायचा थांबंना. भात वाळून कडंग झालंय, वाऱ्यासरशी झडतंय. तिकडं बग जरा."

आता सावड काय ती तुमाला सांगाया नगं. तू माज्या वावरात एक दिस, मी तुज्या वावरात एक दिस, मानसाला मानूस, दिसाला दिस. पर रंभाकाकीचा दाल्ला गेलेला, आन् एकुलता पोरगा भिवाजी, त्यो आमच्या दादाच्याच पलटनीत. म्हंजी तिनं सावड घ्येतली तर फेडाया धाडनार कुनाला? ती एकटी, तिचंच तिला उरकंना. वाडीतली मानसं काय वंगाळ न्हाईत. जो तो म्हनायचा, बोलावलं की जाऊ. आन् ती म्हनायची, फेडाया मानूस न्हाई तर बोलवू कुठल्या तोंडानं? आसं दोनीकडनं वाट बगनं चाललं व्हतं, आन् मधल्या मधी भात मातीत.

मी रागारागातच गेलो. खरं सांगतो, पुन्य करायचं आसलं काय मनात न्हवतं. आईवर राग, देवावर राग, कान्हूवर तर लईच राग. वावरात उतरलो आन् टोकाकडनं कापाया लागलो. काकी पार दुसऱ्या टोकाला. तिनं मान वर केली.

"कोन रं त्यो?"

"मी, बहिरू."

"कुनी बोलावलं तुला?"

"कुनीच न्हाई."

"मंग नीघ. सावड फेडाया माज्याकडं मानूस न्हाई, आन् फुकटचं काम मी कुनाकडनं घेत न्हाई. तुज्या आईला ठावं हाय."

मी आधीच पेटलेला. म्हनलं, "काकी, भिवाजी कुटं हाय?"

"तुला म्हायीत न्हाई व्हय? तुज्या भावासंगं हाय."

"मंग झालं की! त्यो तितं माज्या भावाच्या शेजारी हुबा हाय का न्हाई? त्यो तितं सावड करतुया, मी हितं फेडतुया. आमचं आमी बगून घेतो, तुमी मधी पडू नगा."

हे तोंडातनं गेलं आन् मलाच कसंतरी झालं. आपुन मोठ्या मानसाला काय बोललो ह्ये! काकी इळा घिऊन उभी, मला वाटलं आता मारती. तिनं मी कापलेल्या खुटांकडं बगितलं. मंग म्हनली, "वर धरून कापतोस. खालनं काप, पेंढा वाया जातुया." आन् वाकली परत.

तिचा व्हकार म्हंजी तेवढाच.

दिस मावळंपातूर कापत ऱ्हायलो. घरी आलो, जेवलो, आडवा झालो, आन् डोळा लागला की गड्यांनो! दसऱ्यापासनं पयल्यांदा आशी झोप. सकाळी जाग आली तवा ध्यानात आलं, आरं, आपुन काल देवळात दाना बगाया गेलोच न्हाई. इसारलो.

दुसऱ्या दिशी वढ्यावर गुरं पाजताना मी बोललो लोकांत, मला काय पोटात ऱ्हातंय व्हय! म्हनलं, आसं आसं हाय, पलटनीत गेलेली पोरं तितं सावड करत्यात, ती हितं आपुन फेडायची, हिशेब सरळ हाय. तर दुपारी दोगं आलं. तिसऱ्या दिशी पाच-सा. आन् म्हातारा हैबतराव आला, त्यो आधीच्या लढाईत परमुलखात जाऊन आलेला, पाय लंगडा करून आला तवापासनं घरी. त्यो बांधावर बसला आन् हुकूम सोडाया लागला, "डावीकडनं रांग धरा! मधी फट पडू दिऊ नगा!"

रंभाकाकी म्हनली, "हैबतराव, बसल्या जागी पेंढ्या बांधा, हुकूम नगं."

बांधल्या की त्येनं! गपगुमान बांधल्या. पर त्येनंच नाव पाडलं, पलटनीची सावड. काकीचं कापून झालं तवर कळलं, कान्हू घेतला भरतीत. त्याचा बा तर हातरुनाला खिळलेला. म्हंजी आजून एक वावर आलं आमच्याकडं.

आता मजा ऐका. एक दिशी सकाळी देवळातनं कुशाबाची आरोळी. "बहिऱ्याऽ! दाना हालला रंऽ!"

काकीच्या खळ्यावर भारं रचत व्हतो, टाकलं तितंच आन् पळालो. माज्यामागं खळ्यावरली समदी. आई बी. आत बगतो तर पायथ्यापासनं देवाच्या उजव्या खांद्यापातूर मुंग्यांची रांग, आन् उजवा दाना हाललाय खरा, पर पडला न्हाई. मुंग्यांनी उचललाय आन् घिऊन निगाल्यात वर, देवाच्या कानाकडं!

कुशाबा डोकं खाजवाया लागला. उजवा पडला तर व्हय, डावा पडला तर न्हाई, पर उजवा चढला तर काय? त्याच्या बानं शिकवलं न्हवतं ती.

हैबतराव मागनं म्हनला, "बढती मिळाली दान्याला."

कुशाबा देवाच्या खांद्याजवळ नाक घिऊन गेला. एकदा वास घ्येतला, दोनदा घ्येतला. मंग माज्याकडं वळला. "आंबेमव्हराचा वास येतुया. पानी कशात आनलं व्हतंस रं?"

"घरच्या तांब्यात. तुमीच म्हनलं व्हतं."

"इसळला व्हतास का तांब्या?"

मागनं आईच वरडली, "आगं बया, माजी पेज! मला वाटलं प्यालास तू! उपाशीच गेलास व्हय रं मुडद्या?"

खीर व्हावी तशी दाट आन् चिकट व्हती ती पेज, तुमाला ठावं हाय आमचा आंबेमव्हर कसा आसतो. तांब्याच्या बुडाला बसलेली, त्यातच वढ्याचं पानी, आन् त्या पान्यानं दानं चिकटवलेलं. पडत्यात कशाचं! समदं देऊळ हासाया लागलं. रंभाकाकीला हासताना मी त्या दिशी पयल्यांदा बगितलं. कुशाबा खांबाला टेकून म्हनला, "आरं, देवाच्या तोंडाला तू खळ लावलीस, आन् म्हनतोस द्येव बोलंना!"

मंग त्येनं देवाला आंघोळ घातली. मला राखंनं तांब्या घासाया लावला, दोनदा इसळाया लावला, आन् नवं पानी आनवलं. आधीचा कौल खोटा धरला. दोन नवं दानं हातात घिऊन म्हनला, "बोल. त्येच इचारायचं न्हवं? भरती पुढल्या म्हैन्यात बी हाय म्हनत्यात."

हासनं थांबलं. आई खांबाला धरून उभी, तिचं डोळं देवावर, माज्यावर न्हाईत. मी तोंड उघडलं. आन् तेवढ्यात दारातनं बगितलं तर धरनाच्या अंगानं आभाळ आल्यालं, काळं. हिकडं काकीच्या खळ्यावर भारं उघडं, झोडनी व्हायची. भिजलं आसतं तर समदं मोड येऊन गेलं आसतं, कापून बी काय उपेग न्हवता.

मी म्हनलं, "कुशाबा, भरतीचं ऱ्हाऊ द्या. त्येला इचारा, रंभाकाकीचं खळं उरकंपातूर आभाळ धरून ठिवतोस का म्हनावं."

"आरं तुज्या!" कुशाबा म्हनला. "लोक जल्माचं इचारत्यात आन् तू आभाळाचं इचारतोस?"

"इचारा तुमी."

त्येनं दानं चिकटवलं, इचारलं, आन् त्याचा हात आजून मागं आला न्हवता तवर उजवा दाना खाली. टप्‌कन माज्या म्होरं पडला. तुमी म्हनाल नव्या पान्यानं पडला, वाऱ्यानं पडला. आसंल. मी त्याच्याकडं बगत बसलो न्हाई, उठून पळालो खळ्यावर, आन् माज्यामागं समदी. फळ्या मांडल्या आन् जी झोडनी धरली! बाया वारं देत्यात, हैबतराव पोती धरून बसलाय, काकी कुनाला दम खाऊ देईना. आभाळ आलं, गडगडलं, आन् पौडाकडं निगून गेलं. थेंब न्हाई पडला.

हैबतराव म्हनला, "आसंबी गेलंच आसतं ती."

कुशाबा म्हनला, "गेलं का न्हाई पर?"

सांच्याला चुलीम्होरं बसलो व्हतो. आईनं जाळ सारला आन् म्हनली, "आता ती दुसरं कवा इचारनार?"

"कुठलं दुसरं?"

"भरतीचं."

मी म्हनलं, "तू म्हनशील तवा इचारतो."

"मी म्हनत न्हाई. मी त्या दिशी बी म्हनले न्हवते. तुज्या मनात काय हाय?"

मी लई इचार केला आसं न्हाई. तोंडात जे आलं ती बोललो, "उद्या कान्हूच्या बाचं वावर धरायचंय."

तिनं पेजंची वाटी माज्याम्होरं सारली. "पी. आन् ह्या वक्ताला वासराला घालू नगंस."

तवापासनं आसं चाललंय बगा. शिमग्याला दादा सुट्टीवर आला. पायाचं एक बोट बर्फानं गेलंय त्याचं, बाकी धडधाकट. मला भ्या वाटायचं, त्यो म्हनंल मी तितं मरतुया आन् तू हितं भात झोडतोयस. दोन दिस मी त्याच्या म्होरं नीट बसलो न्हाई. शेवटाला जेवताना इचारलंच, "दादा, मी याया पायजे व्हतं का रं?"

त्यो जेवता जेवता म्हनला, "त्यो भिवाजी हाय ना, पहाऱ्यावरनं उतरला की बूट काढायच्या आधी एकच, आईचं भात झडलं आसंल. रोज त्येच. माजं डोस्कं उठवलं व्हतं त्येनं. मंग गावाकडनं कळलं, भात घरात आलं. तवापासनं गप झालंय बेनं. आता पडला की घोरतंय." आन् आईला म्हनला, "भात वाढ गं आजून."

बास. मी बी ताट म्होरं सारलं.

तवा आता तुमी म्हना मला भित्रा. कौल कवाच मोकळा झालाय, शीव मला कुनी धरलेली न्हाई, परवाच पौडाला जाऊन आलोय. पर उद्या कान्हूच्या वावरात राब भाजायचाय, मंग रंभाकाकीचा, मंग आजून दोन घरं हायेत. पालापाचोळा जाळून राब भाजला न्हाई तर रोपं कशात टाकायची? आन् आता तुमचं सांगा. कोंडीबा, तुज्या बाला धाप लागती, चढ चढवत न्हाई त्याला. बारकू, तुज्या घरी आई आन् दोन ल्हान भनी. राब कोन भाजनार हाय तुमचं? आवनीला रोपं लावाया चिखूल कोन करनार? ठरलंय का काय? न्हाई ना. मला वाटलंच.

आरं, तोंडं पाडू नगा, जाऊ नगा आसं कोन म्हनतंय! जा की, छाती काढून जा. आमच्या दादाच्या पलटनीत पडला तर भिवाजीला सांगा, तुज्या आईनं ह्या साली वरचं वावर बी लावायचं ठरवलंय. पर आसं नुस्तं गठुडं उचलून जाऊ नगा. बारकू, तुजं वावर हितनं खाली दिसतंय, ऊठ, बोट करून दाव, बांध कुठनं कुठवर हाय त्यो. आन् कोंडीबा, नेरं लांब पडलं म्हनून काय झालं, मला काय चालाया येत न्हाई? तुज्या बाला मी निरोप धाडतो, बोलवायची वाट बगत बसू नगा म्हनून. हं, ही काडी घे. हितं मातीत वढ तुजं वावर. वढा कुठल्या अंगानं येतो?